ठरायचं राहिलेलं पिवळं

"सर, वहिनीनं यंदा पुस्तकायचे पापड घातले ना हो!"

शेजारचा जगदेव आपल्या वांग्याच्या वाफ्यात वाकलेला होता आणि मान वर न करताच बोलला, म्हणून देवानंदला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुणाला तरी म्हणतो आहे. केनवडच्या बसमधून उतरून वैशाखाच्या उन्हात तो घरापर्यंत चालत आला होता. आठवडाभर तिथल्या शाळेची भिंत रंगवली होती, नखांत हिरवा ऑइलपेंट घट्ट बसला होता आणि डोक्यात अजून त्या भिंतीवरचा सूर्य होता. सूर्याला हसरं तोंड काढा सर, लेकरायले आवडते, असं हेडमास्तर म्हणाले आणि त्यानं काढलं. चित्रकलेचा मास्तर म्हणून सगळी नोकरी गेली, त्यात असे कितीतरी सूर्य हसवून झाले होते. "पापड?" त्यानं विचारलं. "वर पाहा ना," जगदेव म्हणाला, "मी म्हनलं वहिनी, पिठात मीठ टाकलं काय? तर हासल्याबी नाही." देवानंदनं वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यावरून एक लाल रंग खाली झुकला होता. साडीचा लाल असा नसतो, मिरच्यांचाही नसतो. तो लाल त्याच्या ओळखीचा होता, आणि तो उघड्यावर असायला नको होता. तो लोखंडी कपाटात, खोक्यात, पुस्तकात, पातळ कागदाखाली असायला हवा होता, कारण तो रेणूचा, त्याच्या लेकीचा होता, आणि रेणू जाऊन दुसरा उन्हाळा चालू होता.

(चित्र: लाल खोली. भिंत लाल, टेबल लाल, टेबलावरचं कापड लाल, खिडकी तेवढी हिरवी. जागा: गोदाम, उत्तरेची भिंत, दारातून शिरताच समोर. मालकी: रेणू. कारण: तिनं आधी बोट धरलं.)

पायऱ्या चढताना त्याला आवाज ऐकू आला. बारीक, कोरडा, थांबून थांबून येणारा. तुरीच्या शेंगा तापल्या की तडकतात तसा. पण तुरीचे दिवस सरले होते. वर पोचल्यावर कळलं, कागद वाजत होते. जुन्या साड्या अंथरल्या होत्या, ज्यांवर दर वर्षी कुरड्या पडतात, डाळ पडते, गहू पडतो, आणि त्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुस्तकं उघडून पालथी, उताणी, कुशीवर पडली होती. जाड चकचकीत पानं उन्हानं वळून नळकांडी झाली होती. पाठीचा डिंक वितळून पुन्हा वाळला होता आणि पानं गठ्ठ्यांनी सुटली होती. प्रत्येक उघड्या जोडीत कडुलिंबाची डहाळी. कापडी पुठ्ठ्यांवर तेलाचे काळपट हात उमटलेले. उडू नये म्हणून पानांवर ठेवलेली भांडी: तांब्या, परात, दोन फुलपात्रं, खलबत्ता, वरवंटा. आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डोक्यावर पदर घेऊन रंजीता, त्याची बायको, सुपात काहीतरी निवडत बसलेली. ती नेहमीच काहीतरी निवडत असते. तिच्या हातात सूप नसलेलं त्यानं एकदाच पाहिलं होतं, पुण्याला, त्या दवाखान्याच्या बाकावर, आणि तेव्हा तिची बोटं रिकामीच चालत होती.

"आले? पानी घेतलं काय?"

"हे काय आहे?"

"कसर लागली होती. कपाट उघडलं तं खाली भुसा पडेल होता. म्हनलं आता नाही ऊन दाखवलं तं पावसाळ्यात माती होते साऱ्याची."

"कवापासून?"

"तुमी गेले तवापासून. सकाळी मांडतो, दिवस बुडाला की गोळा करतो. पाला जगदेवभाऊनं आनून देल्ला. वरून एरंडेलाचा हात फिरवला."

"एरंडेल."

"बियान्याले करतो तसंच केलं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो त्याला ऐकू आला, तेच वाईट झालं. "खायच्या दान्याले एवढं कोनी करत नाही. बियान्यालेच करते."

ओरडण्यासाठी जी जागा छातीत लागते ती त्याला सापडली नाही. आठवडाभर. आठवडाभर तो शिडीवर उभा राहून सूर्याला दात काढत होता आणि इथं खरा सूर्य. चप्पल काढून तो साड्यांच्या कडेकडेनं चालू लागला, शेतात पीक पाहत चालतात तसा, वाकून. हे निळ्या घोड्यांचं. हे पाण्यातल्या कमळांचं, ज्याची लांब घडी उलगडायची असे. हिरव्या तोंडाची बाई. चार बाजूंनी एकदम दिसणारी वाकडी बाई, जिला रंजीता पूर्वी हसायची, "हिची मान काहून अशी? रात्री उशी चुकली काय?" सगळे इथंच होते, उन्हात, पाला पोटाशी घेऊन. तो त्यांना बघत नव्हता. तो एकाला शोधत होता.

(चित्र: पिवळं. जागा: ठरायची आहे. मालकी: ठरायची आहे.)

हे सगळं जऊळक्याला सुरू झालं. स्टेशनवर. तेव्हा रेणू शाळेत जायला लागली होती नुकतीच, तिघं जण लग्नाहून परतत होते आणि गाडी केव्हा येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. फलाटाच्या पलीकडे एक गोदाम होतं, लांबलचक, पत्र्याच्या छपराचं, कुलूप लावलेलं, कशाचं ते कुणी सांगत नव्हतं. देवानंदच्या पिशवीत अमरावतीच्या रद्दीतून आणलेलं पुस्तक होतं, मोठं, फाटक्या पाठीचं, परदेशी चित्रांचं. पोरगी रडू नये म्हणून त्यानं ते मांडीवर उघडलं. आणि कसं सुचलं कोण जाणे, तो म्हणाला, रेणू, समज ते गोदाम आपलं झालं, तर त्याच्यात यातलं काय काय लावायचं? तिनं गोदामाकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे. मग एक बोट थेट पानावर टेकवलं, गुळानं चिकट झालेलं, आणि तो ओरडला, "अवं, टेकवू नको! वर धर, वर!" तोच नियम झाला. बोट टेकवायचं नाही, पानाच्या थोडं वर धरायचं. ज्याचं बोट आधी वर, त्याचं चित्र. आणि दुसरा नियम त्याचा होता: चित्राखालचं नाव त्यानं अंगठ्याखाली झाकलेलं असे. आधी बघायचं. नाव मागून. मागून नाव सांगायचं राहूनच जाई, आणि घरात त्या जगप्रसिद्ध चित्रांना नावं पडली ती घरचीच: हिरवी बाई, कमळं, पिऊन झोपलेले चाकू, मामाचं शेत. रंजीता तेव्हा बाकावर डबा सोडत होती. तिनं गोदामाच्या छपराकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "आधी पाहा, गळते काय ते वरून." बाप आणि लेक दोघंही हसले. तिला कशातलं काही कळत नाही असं हसणं होतं ते, आणि ते त्या दिवसापासून त्या दोघांमध्ये कायम राहिलं, घरात एखादी मांडणी राहावी तसं, कुणाच्या लक्षात न येता.

नंतर ते गोदाम पाडलं की आहे, त्यानं कधी पाहिलं नाही. ते डोक्यात पक्कं झालं होतं. त्याला रेणूनं खिडक्या पाडल्या, त्यानं बुजवल्या, कारण उजेड चित्राला खातो. शिरपूरच्या यात्रेहून येताना बसमध्ये उभ्यानं त्यांनी पश्चिमेची भिंत सगळी ठरवली, आणि मध्ये बसलेली एक म्हातारी विचारू लागली की कोणाचं घर बांधून राह्यले बाप्पा, एवढं मोठं? रेणू म्हणाली, आमचं आजी. किती खोल्या? एकच, पन लय मोठी. म्हातारी म्हणाली, मंग झोपता कुठं? ती वाक्यं त्यानं अजून जपून ठेवली आहेत, पण म्हातारीचा आवाज रंजीताचा झाला आहे आणि बस रिकामी झाली आहे, आणि रेणू कधी फ्रॉकमध्ये असते, कधी पुण्याच्या नोकरीतल्या कुर्त्यात. आठवण अशी जागा बदलते. चित्र बदलत नाही. चित्र जिथं ठेवलं तिथं असतं. म्हणून तर.

"जेवून घ्या ना," रंजीता म्हणाली.

"जेवलो."

"कुठं? बसमधी?"

पुण्याला रेणू एका छापखान्यात लागली, जिथं अशीच भारी पुस्तकं छापत, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात काचेच्या टेबलावर ठेवायची. तिचं काम रंग बघण्याचं. मूळ चित्राचा नमुना एका हाताला, ओली छापील पानं दुसऱ्या हाताला. पिवळा हलला का, निळ्यात लाली चढली का. जे ताव बिघडत ते रद्द होत. पण कधी कधी बांधणीपर्यंत जाऊन कळायचं, आणि तशी एखादी प्रत ती मागून घ्यायची. दर सणाला वाशीमच्या बसमधून तिच्या मांडीवर एकेक जड खोकं आलं. अशी झाली त्यांची लायब्ररी. सगळी पुस्तकं चुकलेली. कुठं हिरव्या बाईला आणखी हिरवी कड, कुठं घोडे थोडे जांभळे. देवानंदनं खरं चित्र एकही पाहिलेलं नव्हतं, आता पाहणारही नव्हता, आणि तो रेणूला विचारी, मूळचं कसं असन गं? ती म्हणे, "बाबा, मूळचं त्याईच्याकडं. आपल्या गोदामात हेच. आपले घोडे असेच." शेवटचं पुस्तक तिनं आणलं नाही. ते तिच्या खोलीत सापडलं, कपड्यांच्या घडीखाली, त्याच्यासाठी बांधून ठेवलेलं, आणि ते चुकलेलं आहे की बरोबर, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्याच्या आधीच्या पुस्तकात ते पिवळं होतं.

त्या पिवळ्यात काही नव्हतं. माणूस नाही, झाड नाही. पूर्ण पानभर पिवळा धुरळा, कुठं दाट, कुठं इतका विरळ की खालचा कागद श्वास घ्यावा तसा दिसे, आणि त्यात तरंगणाऱ्या काही काळसर खुणा, बारीक, वाकड्या, जणू कुणी काही लिहायला घेतलं आणि मग राहू दिलं. देवानंद म्हणाला, पाणी आहे. रेणू म्हणाली, भिंत आहे. दोघांची बोटं एकदमच वर आली होती, पहिल्यांदा आणि एकदाच; कोण आधी, ते ठरेना. ती म्हणाली, तुमी उलटं धरून राह्यले, वरची बाजू ही. तो म्हणाला, नाव कुठं छापलं ते पाह्य. ती म्हणाली, नाव पाह्याचं नाही, तुमचाच नियम. एक पूर्ण दिवाळी त्या भांडणात गेली, शेवेच्या ताटावर, पणत्यांत तेल घालताना, आणि रंजीता म्हणाली, "द्या बाप्पा कोनाले तरी, कान किटले माहे." मग रेणू पुण्याला गेली. मग पावसाळा आला. मग एका दुपारी तिचा फोन आला, कणकण वाटते आहे असं म्हणाली आणि पुढे म्हणाली:

"बाबा, ते पिवळं तुमी घ्या. मी सोडलं."

"असं फुकटात नाही पाह्यजे मले."

"घ्या ना. माह्याकडून."

"दिवाळीले ये. समोरासमोर बसू, मंग ठरवू."

"बरं," ती हसली, "दिवाळीले."

कणकण म्हणजे डेंगू निघाला. ते दोघं पुण्याला पोचेपर्यंत ती बोलत होती, पोचल्यावर नव्हती बोलत. यापुढचं तो आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण त्यात जात नाही. त्यानं घरी येऊन पुस्तकं कपाटात लावली, किल्ली फिरवली. लोक म्हणाले, सर चित्रं बघत जा, मन रमेल. त्यांना काय माहीत. वाटणी दोघं हजर असल्याशिवाय होत नाही. शेताची होत नाही, भांड्यांची होत नाही. एक जण आलेला नसेल तर तलाठीही म्हणतो, येऊ द्या त्याले, मंग पाहू. ते पिवळं ठरलेलं नव्हतं. ठरलेलं नाही म्हणजे अजून बसायचं आहे, समोरासमोर. हे तो कुणाला बोलला नव्हता, स्वतःलाही धड शब्दांत नाही. पण दर दिवाळीला तो कपाटाजवळून जाताना पाऊल हलकं टाकी, आत कुणी झोपलं असावं तसं.

आणि आता ते कपाट सताड उघडं, आणि किल्ली रंजीताच्या कमरेला.

तांब्याखाली सापडलं ते. पुस्तकापासून सुटलेलं एकटं पान, कडेनं आत वळलेलं, तापलेलं. त्यानं तांब्या उचलला, डहाळी काढली. पानं खडखडीत वाळली होती, हातात चुरा झाला. आणि पिवळ्यावर डाग उमटले होते. बारीक, वाकडे, कोयत्याच्या आकाराचे, तपकिरी काळे. ओल्या पाल्याचा रस आठवडाभर रोज थोडा थोडा कागदात मुरला होता. त्यानं पान उजेडाकडे धरलं. कोणत्या खुणा चित्राच्या? ही वरची, होडीसारखी, ती तर होतीच. होती का? तिच्या शेजारची? त्यानं डोळे मिटले आणि जुनं पिवळं समोर आणायचा प्रयत्न केला. ते आलं, अगदी सहज आलं, आणि त्यात कडुलिंबाची पानं होती. पुन्हा मिटले. पुन्हा पानं. बोटानं खरवडून कळलं असतं कदाचित. त्याचं बोट पानाच्या थोडं वर येऊन थांबलं, सवयीनं. ज्यानं अनेक वर्षं पोरांना सांगितलं की पाहायला शिका, गाढवहो, नुसतं बघू नका, त्याला आपण हजारदा पाहिलेलं चित्र आठवेना. रेणूनं एका नजरेत सांगितलं असतं. तिचं कामच ते होतं. मूळचं एका हाताला, बिघडलेलं दुसऱ्या हाताला.

रेणूच्या डाव्या गालावर तीळ होता. की उजव्या?

"हा डाग आधी होता काय?" त्यानं विचारलं. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

रंजीता सूप बाजूला ठेवून आली. तिनं पान पाहिलं, बराच वेळ, खरंच पाहिलं. "मले काय माहीत? तुमीच तं रोज पाहत होते दोघं."

"आठवत नाही मले."

"आता," ती हळूच म्हणाली, "पाल्यानं झालं काय हे? पाला नव्हता द्या लागत?" आणि मग, त्याच्या तोंडाकडे बघून, "मले वाटलं, कसर लागून मरन सारं. तिचं आहे ना ते."

उत्तर द्यायला गेला असता तर जे बाहेर आलं असतं ते तिच्यासाठी नव्हतं. ती वाकली आणि आवरायला लागली, कारण ऊन उतरलं होतं. एकेक भांडं उचलून तिनं परातीत ठेवलं, परात डोक्यावर घेऊन खाली नेली, स्वयंपाकाला ती भांडी लागणार होती. वरवंटा तेवढा राहिला. परत आली ती पदर खोचून, आणि मांडी घालून बसली, आणि सुटलेली पानं गोळा करून दोन ढीग करू लागली. कपडे वाळल्यावर ती अशीच करायची. हे तुमचं, हे रेणूचं.

"काय करून राह्यली?"

"वेगळं काढून राह्यली. रेणूचं रेणूचं, तुमचं तुमचं. एकात एक केलं तं मंग तुमीच म्हनान."

"तुले काय माहीत कोनाचं कोनतं?"

"अंदाजानं. लाल ते तिचं ना?"

"सारं लाल नाही. ते माहं. ती लाल डोंगरातली घोड्यायची जोडी."

"मंग घ्या," ती म्हणाली आणि घोडे त्याच्या ढिगावर टाकले. "हे चाकू?"

"तिचे."

"ही वाकडी?"

"माही."

"तुमचीच असन. हिची मान बसली नाही अजून." तिनं वाकडीला त्याच्याकडे सरकवलं. तिचे निम्मे अंदाज चुकत होते. कमळं तिनं त्याच्याकडे दिली, ती रेणूची होती. मामाचं शेत रेणूकडे, ते त्याचं. तो दुरुस्त करत गेला. आधी उभ्यानं, मग उकिडवा बसून, मग मांडी घालून. केव्हा बसलो ते त्याला कळलं नाही. हिरवी बाई कोनाची? माही. नाही, थांब, बदली केली होती आमी, मामाचं शेत घेऊन. म्हणजे तिची. बदलीबी करत होते काय तुमी? मंग. ती पानं अख्ख्या पंजानं उचलत होती, एरंडेलाच्या हातानं, अंगठा थेट बाईच्या तोंडावर, आणि त्याच्या तोंडाशी येऊन राहत होतं की वर, बोट वर. ते येऊन राहिलं, बाहेर पडलं नाही. खाली जगदेवचं पाणी वाफ्यात शिरल्याचा वास आला. सगळी चित्रं वाटून होत आली होती आणि त्याच्या लक्षात आलं की आपण खेळतो आहोत.

"अन मले?" रंजीता म्हणाली.

"काय तुले?"

"मले काईच नाही आलं काय त्या गोदामात? एवढी वर्सं बांधत होते." ती हसत म्हणाली. टोमणा होता, साधा, रोजचा, पोळी मागताना मारावा तसा. पण तिचे हात थांबले होते.

त्यानं आठवून पाहिलं. उत्तरेची भिंत, पश्चिमेची भिंत, दारावरची अरुंद जागा, जिथं छोटं फुलांचं लावायचं होतं. बसमधल्या म्हातारीला त्यांनी तिकीट न घेता आत सोडायचं ठरवलं होतं. शाळेच्या शिपायाला राखणदार नेमला होता. रंजीता कुठं होती? ती बाकावर होती, डबा सोडत. ती शेवेचं ताट सरकवत होती. ती बाहेर होती, गोदामाबाहेर, फलाटावर, पत्र्याकडे बघत.

तिनं जमिनीवरचं शेवटचं पान उचललं, जे त्यानं गुडघ्याखाली धरलं होतं. त्याचा गुडघा आपोआप सैल झाला.

"हे कोनाचं?"

"ठरलं नव्हतं."

"हेच काय ते, भांडनाचं?"

"हाव."

"मंग?"

"रेणू म्हनली होती, तुमी घ्या म्हनून. फोनवर. मी नाही म्हनलं."

"काहून?"

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्याला वाटलं, हिला माहीत आहे; किंवा हिचंही असं काही कुठं ठेवलेलं असेल, न ठरवलेलं, एखाद्या डब्यात, ज्याच्याजवळून ती पाऊल हलकं टाकत असेल. दोन वर्षांत हे त्यानं तिला विचारलं नव्हतं. विचारावं कसं, तेही माहीत नव्हतं. तिनं पान फिरवलं. उलटं धरलं, रेणू धरायची तसं, नाव वर.

"भिंत आहे," ती म्हणाली. "आपल्या न्हानीच्या मागची. पोपडे निघेल आहेत."

दिवाळी, त्याला वाटलं. हे दिलं की दिवाळीला काही उरत नाही. दिलं की कुणी यायचं राहत नाही. समोरासमोर बसायचं राहत नाही. गोदामाचं दार लावून घ्यायचं आणि किल्ली. तो त्या डागांकडे बघत राहिला, जे चित्राचे होते आणि जे पाल्याचे होते, आणि आता कधीच वेगळे होणार नव्हते.

"घे," तो म्हणाला.

"मले?"

"घे. तुहं."

तिनं पंजा सपाट करून पानावर ठेवला, पूर्ण, आणि वळलेल्या कडा दाबून पाहिल्या. "गोदामात नाही लावा लागत," ती म्हणाली, "तिथं गळते." उठली, पान पदराखाली धरलं आणि खाली गेली. तो ऐकत होता. तिची पावलं स्वयंपाकघर ओलांडून मागच्या खोलीत गेली, जिथं तुरीच्या बियाण्याची कोठी आहे. पत्र्याचं झाकण निघाल्याचा आवाज. मग आत तूर बाजूला सारल्याचा. मग झाकण लागल्याचा आवाज, मग त्यावर वरून हातानं मारलेली थाप, घट्ट बसावं म्हणून.

गच्चीवर दोन ढीग आणि तो. त्याला आता कपाटाकडे जायचं नव्हतं, खालीही जायचं नव्हतं. तो गोदामात शिरायचा प्रयत्न करत होता, डोळे उघडे ठेवून, आणि गोदाम येत होतं, लांबलचक, पण भिंती कोऱ्या होत्या आणि खिळे तेवढे दिसत होते.

(चित्र:  . जागा:  . मालकी:)

वारा सुटला तो असा मधूनच. वैशाखात संध्याकाळी सुटतो, धूळ घेऊन, तोंडात माती देऊन जातो. साड्यांची टोकं उठली. दोन्ही ढिगांची वरची पानं एकदम हलली, तोंड उघडून बोलावं तशी, आणि त्यानं भोवती पाहिलं, वजन म्हणून काही. भांडी सगळी खाली गेलेली. वरवंटा एकच.

तो त्यानं रेणूच्या ढिगावर ठेवला. मग तेही पुरे वाटेना, म्हणून दोन्ही हात त्यावर टेकवले, आणि वाकून छातीचा भार दिला. मागं त्याचा ढीग उठत होता. तो ऐकत होता. घोडे गेले. मामाचं शेत गेलं. वाकडी बाई कठड्यावर क्षणभर अडली, मान आणखी वळवून, आणि पलीकडे उतरली. त्यानं वळून पाहिलं नाही.

"सर!" खालून जगदेव ओरडला, "अहो सर, तुमचे पापड उडाले ना! वांग्यायवर येऊन राह्यले सारे! वेचू काय?"

"राहू दे, जगदेव," तो म्हणाला, हात न काढता. "ते माहेच आहेत."